आजोबांचे कान, आजीचे डोळे: घराण्याची पिढ्यांची नोंद कशी करावी

सोलापुरात कुठल्याही घरी विचारून पाहा, आजोबांना ऐकायला कमी का येत होतं? उत्तर ठरलेलं असतं, "वय झालं होतं की." आजीला शेवटी दिसत का नव्हतं? तेच उत्तर. ऐंशीव्या वर्षी मोतीबिंदू पिकला तर वयाला बोल लावता येतो. पण पंचेचाळिशीतच ज्याला मागून मारलेली हाक ऐकू येईना, किंवा पन्नाशीत ज्याची नजर कडेकडेने मिटत गेली, त्याच्या नावापुढे 'वय झालं' लिहून विषय संपवला तर नुकसान त्याच्या मुलांचं आणि भाचरांचं होतं.

काचबिंदूचंच बघा. तो बहुतेक वेळा दुखत नाही, कडेची नजर आधी खातो आणि समोरचं शेवटपर्यंत दिसू देतो, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही, उरलेली तेवढी वाचवता येते. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी एकाला काचबिंदू असेल तर आपला धोका इतरांच्या कित्येक पट असतो. आजीचे डोळे 'नस सुकून' गेले, एवढी एक ओळ घरातल्या वहीत असती तर तिच्या मुलांनी चाळिशीतच डोळ्यांचं प्रेशर मोजून घेतलं असतं. ती ओळ मिळवायची कशी, खरी आहे का हे पडताळायचं कसं, आणि मिळाल्यावर कुणाला तपासायला पाठवायचं, हे सगळं पुढे सांगते.

कानाचं थोडं वेगळं आहे. उतारवयात येणाऱ्या बहिरेपणात रक्ताचा वाटा साधारण एक तृतीयांश ते निम्मा असतो, असं कुटुंबांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. उरलेल्यात आवाज, औषधं, मधुमेह, तंबाखू हे सगळं येतं. आपल्या गावात त्या उरलेल्या वाट्यातला मोठा भाग यंत्रमागाचा आहे. त्यामुळे इथल्या घराण्यात 'हे रक्तातून आलं की कारखान्यातून' हा प्रश्न सोडवल्याशिवाय नोंदीला अर्थ येत नाही.

वंशवृक्ष: तीन पिढ्या पुरतात, पण आडव्या पूर्ण हव्यात

लोक मागे मागे जात राहतात, पणजोबांचे पणजोबा शोधतात. या कामाला त्याची गरज नाही. तुमची पिढी, आई-वडिलांची आणि आजी-आजोबांची, एवढ्या तीन पुरे. मात्र प्रत्येक पिढीतली सगळी भावंडं हवीत. लहानपणी गेलेली, लग्न होऊन विजापूर-गुलबर्ग्याला गेलेली आत्या, भिवंडीला मागावर गेलेले चुलते, सगळी. आजोबांच्या आजोबांचं नाव मिळण्यापेक्षा आत्याच्या दोन्ही डोळ्यांची हकिकत मिळणं जास्त कामाचं. आणि आईकडची बाजू वडिलांच्या बाजूइतकीच भरा. आपल्याकडच्या वंशावळीत मुलींची नावं गळतात, आणि काही दोष तर फक्त आईकडूनच येतात.

आपल्या भागात हेळवी घरोघर येऊन वंशावळ वाचून दाखवत आले आहेत, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. नावं जुळवायला त्यांचा उपयोग होतो. आजार त्यात सापडणार नाही, आणि बायकांची नावं कमीच.

काढण्याची पद्धत डॉक्टर वापरतात तीच ठेवा, म्हणजे पुढे कागद त्यांच्यासमोर ठेवला की समजावून सांगावं लागत नाही. पुरुष चौकोन, बाई गोल, वारलेल्यावर तिरकी रेघ, ज्याला दोष आहे त्याचं चिन्ह भरीव. मी उजवा अर्धा भाग डोळ्यांसाठी आणि डावा कानांसाठी रंगवते, कारण एकाच माणसात दोन्ही असणं ही स्वतंत्र माहिती आहे. नवरा-बायकोला जोडणारी रेघ एक. पण लग्न नात्यात झालं असेल तर ती दुहेरी काढायची.

या दुहेरी रेघेकडे सोलापूरकरांनी जास्त लक्ष द्यायला हवं. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न मराठी घरांत होतं, आणि तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या अनेक घरांत सख्ख्या मामाशी भाचीचं लग्नही होत आलं आहे. नात्यातल्या लग्नात नवरा-बायको दोघांकडे एकच दडलेला दोष असण्याची शक्यता वाढते. एकेकट्याला त्याचा त्रास नसतो, मुलाला दोघांकडून तो मिळाला तर होतो. म्हणून प्रत्येक जोडप्यापाशी थांबून विचारा, "लग्नाआधी यांचं काही नातं लागत होतं का?" हा प्रश्न दोष देण्याच्या सुरात अजिबात विचारू नका. लग्न त्या काळच्या रीतीने झालं होतं, आपल्याला फक्त रेघ एक की दोन एवढंच ठरवायचं आहे.

वय काढायचं ते प्रसंगावरून

सगळ्या नोंदीत सर्वात मोलाचा आकडा कोणता, तर त्रास सुरू झाला तेव्हाचं वय. नेमका तोच कुणाला आठवत नाही. त्यात जुन्या माणसांच्या दाखल्यावरची जन्मतारीखही बेभरवशाची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकून दिलेले आजोबा घरटी सापडतील.

म्हणून तारीख विचारू नका, प्रसंग विचारा. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची तेव्हा तिला स्वच्छ दिसत होतं का? लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली तेव्हा आजोबांशी मोठ्याने बोलावं लागत होतं का? किल्लारीचा भूकंप हा आपल्या भागात फार चांगला खुंटा आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. ती रात्र सोलापुरात कुणी विसरलेलं नाही. जमिनीतून आलेल्या आवाजाने आजोबा जागे झाले, की कुणी हलवून उठवलं? खाट हलली म्हणून उठले का? एवढ्यावरून १९९३ साली कान कसे होते याचा अंदाज येतो. घरातली लग्नं, बारशी, कुणाचा पहिला पगार हे खुंटे तर प्रत्येक घराचे आपापले असतात. प्रसंगाच्या आधी की नंतर, एवढं कळलं तरी पाच वर्षांच्या आत वय बसतं, आणि आपल्याला तेवढं पुरतं.

बोलायला बसताना

ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांचीच मुलाखत घ्यायची आहे, तेव्हा बसण्याची पद्धत आधी. पंखा आणि टीव्ही बंद. उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं बसा, म्हणजे ओठ दिसतील. ओरडू नका. ओरडल्याने आवाज फाटतो आणि शब्द आणखी कळेनासे होतात. सावकाश, जरा खालच्या पट्टीत बोला. एक वाक्य कळलं नाही तर तेच तीनदा म्हणू नका, दुसऱ्या शब्दांत विचारा. नजर कमी असेल तर जाड काळ्या स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहून दाखवा. आणि एकट्याला गाठा. गड्ड्याच्या यात्रेला किंवा नारळी पौर्णिमेच्या रथोत्सवाला सगळे जमतात तेव्हा कुणाला काय झालं होतं याची यादी छान मिळते, पण गर्दीत बहिरा माणूस नुसती मान हलवतो. खरी बोलणी दुसऱ्या दिवशी, शांततेत.

"ऐकू येतं का?" असं विचारलं की मागावर काम केलेला माणूस "येतं की" म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. वर्षानुवर्षं गोंगाटात राहिल्यामुळे तो ओठ आणि हातवारे वाचायला शिकलेला असतो. तुमचं तोंड दिसतं तोवर त्याचं भागतं. त्यामुळे प्रश्न असे हवेत: पाठमोरे असताना हाक कळते का? फोनवर कोणाचं बोलणं समजत नाही, बायका-मुलांचं की पुरुषांचं? लग्नात, पंगतीत गोंधळ होतो का? स, श, फ, च, थ या अक्षरांची ओळख उंच पट्टीच्या आवाजावर ठरते, आणि वयाने असो वा मागाने, आधी जाते ती हीच पट्टी. म्हणून "आवाज येतो पण शब्द कळत नाही" ही तक्रार शब्दशः लिहून घ्या. कानात सतत शिट्टी किंवा गुंई आवाज येतो का, चक्कर येते का, एक कान जास्त मंद आहे का, लहानपणी कान वाहायचा का, हेही विचारा.

डोळ्यांसाठी कामावरून विचारा. विडी वळणाऱ्या बाईला नजर कमी झाल्याचं हातावरून कळतं. पान कापताना शीर दिसत नाही, दोरा गुंडाळताना निसटतो, हजार विड्यांना पूर्वी दुपार पुरायची तिथे दिवे लागतात, आणि कारखान्यात माल परत येऊ लागतो. हे चाळिशीच्या आसपास सुरू झालं आणि जवळचा चष्मा लावल्यावर थांबलं तर ते सगळ्यांचंच होतं, त्याला भरीव खूण नको. चष्म्यानेही थांबलं नाही तर पुढे विचारा. रात्री अंगणात ठेचकाळायची का? ते कधीपासून, लहानपणापासून? दाराच्या चौकटीला, कडेच्या माणसाला धक्का लागायचा का? सरळ रेघ वाकडी दिसायची का, समोरच्या माणसाचा चेहराच पुसट आणि कडेचं स्पष्ट असं व्हायचं का? शेवटचं लक्षण डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचं असतं, कडेचे धक्के काचबिंदूकडे किंवा रातांधळेपणाच्या वंशागत रोगाकडे बोट दाखवतात.

मग औषधं. क्षयाच्या सुया घेतल्या होत्या का? स्ट्रेप्टोमायसीन, कॅनामायसीन, जेंटामायसीन या जातीच्या औषधांनी कान जाऊ शकतात. काही माणसांत आईकडून आलेला एक बदल असतो, त्यांचे कान मोजक्या सुयांनीही जातात. "सुया सुरू झाल्या आणि महिन्यात कान गेले" असं कुणी सांगितलं तर वहीत ते लाल शाईने लिहा आणि त्या व्यक्तीच्या आईकडच्या सगळ्या नातलगांना कळवा, कारण हे टाळता येण्यासारखं आहे. डोळे लाल होतात म्हणून मेडिकलमधून स्वतःच आणून वर्षानुवर्षं घातलेले स्टेरॉइडचे थेंब काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही आणतात, तेही विचारा.

घरातले शब्द जसेच्या तसे लिहा

आजी रोगाचं नाव सांगणार नाही, तिचे शब्द सांगेल, आणि ते शब्द बऱ्यापैकी नेमके असतात. 'मोती पिकला' म्हणजे मोतीबिंदू. 'फूल पडलं' किंवा 'टीक पडली' म्हणजे बुबुळावर पांढरा डाग. तो इजेने, लहानपणीच्या जंतुसंसर्गाने किंवा देवी येऊन गेल्याने पडतो, आणि अशा घरात पुढच्या पिढीने घाबरायचं कारण नाही. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्यांच्या बाबतीत चेहऱ्यावर वण होते का, एवढा प्रश्न जोडा. 'मांस वाढलं' हे उन्हाधुळीत काम करणाऱ्यांच्या डोळ्यात दिसतं. 'पडदा सरकला' (डोळ्याच्या मागचा पडदा जागेवरून सुटला) आणि 'साखरेनं पडदा गेला' (मधुमेहाने तो खराब झाला) या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. 'नस सुकली' ऐकलं की काचबिंदू आहे असं धरून तपासणीला लागा, खोटं ठरलं तर बरंच.

कानाचं तसंच. 'कान फुटला' म्हणजे वाहणारा कान, पडद्याला भोक. तो वयाचा बहिरेपणा नाही, आणि अनेकदा ऑपरेशनने सुधारतो. एखाद्या बाईला बाळंतपणापासून ऐकायला कमी येऊ लागलं असेल तर तिच्या बहिणींनाही विचारा. कानातलं सर्वात छोटं हाड घट्ट होण्याचा एक वंशागत आजार असतो, तो तरुणपणी सुरू होतो आणि गरोदरपणात कधी कधी वाढतो. त्यावरही इलाज आहे.

कागद, फोटो आणि चष्मे

तोंडी माहितीला कागदाचा आधार शोधा. पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या कप्प्यात, गादीखालच्या पिशवीत बरंच सापडतं. मोतीबिंदूच्या शिबिराचं कार्ड, कामगार विम्याचे कागद, अपंगत्वाचा दाखला, चष्म्याच्या दुकानातली चिठ्ठी. सिव्हिलमध्ये किंवा खासगी दवाखान्यात अलीकडे ऑपरेशन झालं असेल तर लगेच अर्ज करा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती रुग्णाचे कागद ३ वर्षं जपायचे असतात आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे असतात. त्यानंतर ते मिळतीलच याची खात्री नाही.

जुना फोटो हा मला सर्वात आवडणारा पुरावा. १९९० च्या दशकात डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणं आपल्याकडे सर्रास होऊ लागलं. त्याआधी मोतीबिंदू नुसता काढून टाकत आणि माणसाला फार जाड, मध्ये फुगलेल्या काचेचा चष्मा देत. त्या काचेआड डोळे मोठाले दिसतात. १९८० च्या लग्नाच्या फोटोत आजोबांचे डोळे असे बटबटीत मोठे दिसत असतील तर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हाच झालेलं असण्याची दाट शक्यता आहे, आणि फोटोच्या सालातून जन्मसाल वजा केलं की वय मिळतं. पन्नाशीच्या आत मोतीबिंदू असेल तर मधुमेह, मार लागणं किंवा औषधं यांचा शोध घ्या, आणि यातलं काहीच नसेल तर वंशाचा. उलट काचेआड डोळे बारीक दिसत असतील आणि गालाची कड आत सरकल्यासारखी वाटत असेल तर तो मोठा मायनस नंबर. तोही घराण्यात चालतो आणि पडदा सरकण्याचा व काचबिंदूचा धोका वाढवतो. जुना चष्मा हाती लागला तर चष्म्याच्या दुकानात मिनिटभरात नंबर मोजून मिळतो.

कागदावरच्या खुणा थोड्या वाचता आल्या पाहिजेत. ६/६० म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला ६० मीटरवरून दिसतं ते याला ६ मीटरवरून दिसतं. 'सी. एफ.' म्हणजे फक्त बोटं मोजता येतात. 'पी. एल.' म्हणजे उजेड तेवढा कळतो. 'आय. ओ. पी.' हे डोळ्याचं प्रेशर, २१ च्या वर असेल तर खूण करा. पण प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू असतो, म्हणून 'सी. डी. रेशो' (डोळ्याच्या नसेच्या मधल्या खळग्याचं प्रमाण) हा आकडाही शोधा. तो ०.६-०.७ च्या पुढे असेल किंवा दोन डोळ्यांत बराच फरक असेल तर तो कागद जपून ठेवा.

कानाच्या तपासणीत आलेख मिळतो. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. डावीकडून उजवीकडे जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत, आणि वरून खाली डेसिबल. रेघ जितकी खाली, ऐकणं तितकं कमी. नुसत्या वयाचा बहिरेपणा दोन्ही कानांत सारखा आणि उजवीकडे उतरत जाणारा दिसतो. मागाच्या आवाजाने बिघडलेल्या कानात ४००० च्या आसपास खड्डा पडतो आणि ८००० ला रेघ थोडी वर येते. इथे एक अडचण आहे. माणूस सत्तरीत गेला की वयाचा उतार त्या खड्ड्याला गिळून टाकतो आणि दोन्ही आलेख सारखेच दिसू लागतात. म्हणून ७५ व्या वर्षाच्या आलेखापेक्षा ५० व्या वर्षाचा शंभरपट बोलतो. कारखान्यातली किंवा कामगार विम्यातली जुनी तपासणी त्यासाठीच शोधायची. हवेतून आणि हाडातून ऐकण्याच्या दोन रेघांत मोठं अंतर असेल तर बिघाड मधल्या कानात आहे, तो वेगळ्या रकान्यात.

लेक आणि सून: रक्त वेगळं कसं काढायचं

आता मुख्य प्रश्न. आजोबा, दोन काका, वडील, सगळ्यांचे कान पंचावन्नच्या आत मंद झाले. दिसायला हे वंशाचं वाटतं. पण चौघेही मागावर होते. माग चालू असताना हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, म्हणजे आवाज धोक्याच्या वर आहे. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ९५ असेल तर कामाचे तास निम्म्यावर आणायचे असतात. मागाच्या शेडमध्ये तो आकडा सहज ओलांडला जातो. साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोडच्या भागात तर अनेकांचे माग घराला लागूनच. त्या घरात काम न करणाऱ्या बाईचे कानही आवाजात, आणि पाळण्यातल्या पोराचेही.

याचा उलगडा आपल्याच घराच्या रचनेत आहे. लेक लग्न होऊन गेली, तिच्याकडे या घराचं रक्त आहे पण आवाज नाही. सून आली, तिच्याकडे आवाज आहे पण रक्त नाही. दोघींची तुलना करा. दिलेल्या लेकी, समजा पंढरपूर-बार्शीकडे शेतात राहिलेल्या, साठीतही चांगलं ऐकतात आणि घरात कांड्या भरत राहिलेल्या सुनांना मात्र कमी येतं, तर दोष मागाचा. लेकींनाही पन्नाशीतच कमी येऊ लागलं आणि सुना ठणठणीत आहेत, तर दोष रक्ताचा. दोघींनाही कमी येत असेल तर दोन्ही, आणि ते सर्वात वाईट, कारण काही घराण्यांचे कान आवाजाला मुळातच नाजूक असतात. पुरुषांतही अशी जोडी सापडते: एक भाऊ मागावर, दुसरा शिक्षक किंवा एसटीत क्लार्क. असे दोन सख्खे भाऊ साठीच्या पुढचे असतील तर दोघांची ऑडिओमेट्री (वर सांगितलेली कानाच्या आलेखाची तपासणी) एकाच आठवड्यात करून घ्या. याहून स्वस्त आणि बोलका पुरावा दुसरा मिळणार नाही.

मात्र सून मामाची मुलगी असेल तर ही तुलना मोडते. तिच्याकडे सासूच्या माहेरचं रक्त आहेच. तिथे दुहेरी रेघ आधी बघायची आणि बाहेरून आलेल्या सुनेशी तुलना करायची.

डोळ्यांना ही पद्धत मधुमेहासाठी लागू पडते. साखर असलेल्या घरात 'डोळे गेले' हे किती जणांच्या बाबतीत पडद्याच्या मधुमेही विकाराने आणि किती जणांच्या बाबतीत काचबिंदूने, हे वेगळं केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. तंबाखू ओढणाऱ्यांत मोतीबिंदू आणि पडद्याच्या मध्याचा ऱ्हास दोन्ही जास्त, म्हणून प्रत्येक नावापुढे ओढायचे का, किती वर्षं, हेही हवं.

नमुना वाचताना

आकृती भरली की ती दुरून बघा. प्रत्येक पिढीत कुणीतरी, आणि बाधित माणसाच्या साधारण निम्म्या मुलांत, असं दिसलं तर एका बाजूनेच येणारा दोष. एका पिढीत दोन-तीन भावंडं, आई-वडील ठणठणीत आणि वर दुहेरी रेघ, तर दोन्ही बाजूंनी दडलेला. मामाला आणि भाच्याला, मधली बहीण चांगली, तर आईमार्फत मुलग्यांत उतरणारा. बाधित आईच्या सगळ्या मुलांत थोडाफार आणि बाधित वडिलांच्या एकाही मुलात नाही, तर फक्त आईकडून येणारा. त्यातही तरुणपणी मधुमेह आणि बहिरेपणा दोन्ही एकाच आईच्या लेकरांत दिसले तर साखरेच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. आणि भावंडांपैकी एखाद्याला लहानपणापासून ऐकायला कमी, आणि वाढत्या वयात रातांधळेपणा, अशी जोडी दिसली तर वाट न बघता मोठ्या केंद्रात जा.

पण बहुतेक घराण्यांत इतका स्वच्छ नमुना मिळत नाही. ऐंशीच्या पुढे मोतीबिंदू जवळजवळ सगळ्यांनाच असतो, उंच पट्टी बहुतेकांची गेलेली असते, त्यातून काही सिद्ध होत नाही. मी भरीव खूण करण्यासाठी हे निकष धरते: पन्नाशीआधीचा बहिरेपणा, पन्नाशीआधीचा मोतीबिंदू, कुठल्याही वयातला काचबिंदू, पडद्याच्या मध्याचा ऱ्हास, तिशीआधीचा रातांधळेपणा. बाकी सगळं पेन्सिलने.

एकाच कानाने एकाएकी ऐकू येईनासं झालं तर ते वंशावळीत लिहीत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा, पहिल्या काही दिवसांतच उपचाराचा उपयोग होतो. अचानक नजर जाणं, काळा पडदा उतरल्यासारखं होणं, डोळा दुखून उलटी होणं, याचंही तेच. आणि कुठलीही शंका घेण्याआधी कानातला मळ बघून घ्या.

कुणाला तपासायला पाठवायचं

घरात काचबिंदू सापडला तर सख्खी भावंडं आणि मुलं, चाळिशीपासून दर वर्ष-दोन वर्षांनी. नुसता चष्म्याचा नंबर काढून येऊ नका. प्रेशर, नसेची तपासणी आणि कोनाची (डोळ्यातलं पाणी बाहेर जायच्या वाटेची) तपासणी अशी तिन्ही सांगून करून घ्या, कारण बंद कोनाचा काचबिंदू आशियाई लोकांत बराच आढळतो. मधुमेही माणसाने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा दाखवायचा. कानासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की पन्नाशीपासून दर पाच वर्षांनी आणि पासष्टनंतर दर एक ते तीन वर्षांनी तपासणी व्हावी. मागावरच्या तरुणाची पहिली ऑडिओमेट्री कामाला लागताना व्हायला हवी, म्हणजे पुढच्या आलेखाशी तुलना करता येते. त्याला कानात घालायचे प्लग आजच आणून द्या.

सिव्हिलमध्ये कानाचा आणि डोळ्याचा विभाग दोन्ही आहेत, सुरुवात तिथून होऊ शकते. नमुना वंशागत वाटला तर डोळ्यांसाठी हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थान रेल्वेने एका रात्रीवर आहे, कानासाठी मुंबईतली अली यावर जंग संस्था आणि मैसूरची वाक्‌-श्रवण संस्था. जनुकीय चाचणी आधी स्वतःहून पैसे भरून करू नका. समुपदेशन आधी, चाचणी नंतर. घरातल्या सर्वात आधी आणि सर्वात जास्त बाधित झालेल्या माणसापासून ती सुरू करतात, निरोगी माणसापासून नाही. आणि 'काही सापडलं नाही' याचा अर्थ वंशात काही नाही असा होत नाही.

बहिरेपणा कळूनही यंत्र न लावणं ही आपल्याकडची मोठी सवय. मध्यम वयातला उपचार न केलेला बहिरेपणा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो, आणि असा धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या तज्ज्ञांच्या यादीत २०२४ पासून उपचार न केलेला नजरेचा दोषही आहे. तेव्हा वहीत 'उपचार' हा रकाना ठेवा: यंत्र दिलं का, लावतात का, कपाटात पडून आहे का.

गुप्तता

ही वही घराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत 'त्यांच्यात रातांधळेपणा आहे' एवढं वाक्य पुरतं, आणि असे त्रास मी जवळून पाहिले आहेत. आकृतीत नावांऐवजी क्रमांक लिहा, नावांची यादी वेगळ्या कागदावर. जिवंत माणसाला विचारल्याशिवाय त्याचा आजार लिहू नका, आणि सांगायचं नाही म्हणाला तर जागा कोरी सोडा. ज्याच्या कामाची माहिती आहे त्याला मात्र एकट्याला, तोंडी सांगा: "काका, आजीला काचबिंदू होता, सिव्हिलचा कागद आहे माझ्याकडे, तुम्ही प्रेशर मोजून घ्या."

डॉक्टरांकडे जाताना एकच पान न्या. वर आकृती, खाली बाधित प्रत्येकाची एक ओळ: क्रमांक, सुरू झालं तेव्हाचं वय, एक बाजू की दोन्ही, काम आणि किती वर्षं, साखर, तंबाखू, औषधं, आणि कागद आहे की ऐकीव. 'ऐकीव' हा शब्द लिहायला लाजू नका, डॉक्टरांना तो भेद हवाच असतो. एक प्रत तुमच्याकडे आणि एक पुढच्या पिढीतल्या कुणाकडे, शक्यतो दिलेल्या लेकीच्या घरातल्या. नवी तपासणी झाली की निकाल चांगला आला तरी तारखेसह चढवा. ५२ व्या वर्षी प्रेशर १४, नस चांगली, ही ओळही पुढच्या माणसाच्या उपयोगाची आहे.